भिंतीवर फोटो, कामावर दांडी

प्रश्न : बुटीबोरी एमआयडीसीत आमचं फरसाण पॅकिंगचं युनिट आहे. लाइनवर १२ जण. दर महिन्याला ‘उत्कृष्ट कामगार’ निवडून २,००० रुपये देतो, फोटो भिंतीवर लावतो. सुरुवातीला जोर दिसला. आता मे महिन्यात दांड्या वाढल्या आणि सील सुटलेली पाकिटंही. बक्षीस वाढवू का?

उत्तर : नका वाढवू. १२ जणांत एकाला बक्षीस म्हणजे ११ जणांना दर महिन्याला ‘तू नाहीस’ असं सांगणं. कोण जिंकणार हे दोन-तीन महिन्यांत सगळ्यांना कळतं, मग बाकीचे कशाला धावतील?

आधी सील बघा. सीलिंग मशीनची टेफ्लॉनची पट्टी जळलेली असेल, तापमान कमी पडत असेल, नाहीतर शेवेचा चुरा तोंडाशी अडकत असेल. मशीनवरच्या माणसाला हे तुमच्या आधी कळतं. त्याने सांगूनही आठ दिवस पट्टी बदलली नाही, तर नवव्या दिवशी तो सांगणंच सोडतो. त्याला आपण आळस म्हणून मोकळे होतो! लाइनजवळ एक फळा लावा : काय अडलं, कोण बघणार, कधीपर्यंत. रोज शिफ्ट सुरू होताना दहा मिनिटं तिथेच उभं राहून बोला. जमणार नसेल तर तसं कारणासह लिहा, पण रकाना कोरा ठेवू नका.

दांड्यांचं मूळ बहुधा पत्र्याच्या शेडमध्ये आहे. पारा ४५ च्या घरात असताना दुपारी तिथे उभं राहून दाखवा. कूलर लावू नका, ओलाव्याने फरसाण मऊ पडतं. एक्झॉस्ट पंखे लावा, शिफ्ट सकाळी ६.३० ते २.३० करा, मात्र नागपूरहून येणाऱ्यांच्या गाडीची सोय आधी. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, तेव्हा गैरहजेरीने तीही बेजार होती. तिथे बक्षिसं होती, पण हवा खेळती ठेवण्याची सोय, १८८६ मध्ये पेन्शन फंड आणि १८९५ मध्ये अपघात भरपाईही आली.

एवढं झालं की पैसा. समजा, गेल्या तीन महिन्यांची रोजची सरासरी ३०० पेट्या आहे. त्यावरच्या प्रत्येक चांगल्या पेटीला ८ रुपये, सगळ्या लाइनचे मिळून. ६० जास्त निघाल्या तर ४८० रुपये, माणशी ४०. परत आलेली पेटी या मोजणीतून वजा करा, पगारातून नव्हे. हिशेब रोज फळ्यावर, पैसे शनिवारी हातात. आणि ३६० निघायला लागल्या म्हणून लगेच तोच पाया धरू नका. एकदा तसं केलंत की लाइन कायम ३१० वर थांबते. कायद्याने तुम्हाला लागू असेल तो किमान ८.३३ टक्के बोनस आणि दुप्पट दराचा ओव्हरटाइम यात धरू नका. तो हक्क आहे.

प्रश्न : कौतुक केलं की पोरं डोक्यावर बसतात, असं आमचे सुपरवायझर म्हणतात.

उत्तर : ‘शाब्बास, छान’ एवढंच म्हटलं तर बसतीलही. काय केलं ते नाव घेऊन सांगायला शिकवा : ‘तू तोंडावरचा चुरा पुसून सील केलंस, आज एकही पाकीट सुटलं नाही.’ हे त्याच दिवशी, लाइनवरच. चूक दाखवायची असेल तर बाजूला नेऊन.