डागडुजी नको, खरवड

आईच्या पोर्ट्रेटचा फोटो मिळाला. डोळे फार सुरेख जमलेत, आणि तिथंच मला धडकी भरली. सात सिटिंग झाली, डोकं मानेवर बसेना, आणि तू विचारतेस, पॅरिसला शिकायला जाऊ का?

अगं, पॅरिसचंच काढलंस तर ऐक. पोर्ट्रेटवाला चित्रकार सार्जंट १८७४च्या मे महिन्यात तिथं पोचला तेव्हा अठरा वर्षांचा होता. आईबाप अमेरिकन, जन्म फ्लॉरेन्सचा, बिऱ्हाड युरोपभर फिरतं. त्यानं गुरू केला कॅरोलस-ड्युराँला. या मास्तरांकडे रेखाटन घोटत बसणं नाही, थेट ब्रश. आधी मिडटोन, म्हणजे ना उजेड ना अंधार अशी मधली छटा, शोधायचा, तिथून अंधाराकडे आणि उजेडाकडे जायचं. मोठे टोन शेजारी शेजारी ठेवायचे, गुळगुळीत करायचे नाहीत. पापण्या सगळ्यात शेवटी. तू पापण्यांपासून सुरुवात केलीस ना? डाव्या गालावर रंगाची साय आलीय, तीच चुगली करते.

पाच वर्षांत पठ्ठ्यानं मास्तरांचंच पोर्ट्रेट सालाँमध्ये, पॅरिसच्या मोठ्या चित्रप्रदर्शनात, लावलं. लोकांना वाटतं, एका फटक्यात रंगवायचा. फटका एकच दिसतो, कारण आधीचे खरवडलेले असतात. नाव झाल्यावरसुद्धा पटलं नाही तर अख्खं डोकं खरवडून पुन्हा मांडायचा. तेच कर. नाक जरा इकडे, हनुवटी जरा तिकडे, असली डागडुजी नको. खरवड.

तू म्हणशील, त्यानंही डागडुजी केलीच की. केली. १८८४च्या सालाँमध्ये मादाम गोत्रो या पॅरिसमधल्या नावाजलेल्या सुंदरीचं त्यानं काढलेलं चित्र लागलं. उजव्या खांद्यावरून पट्टा घसरलेला. पॅरिस खवळलं. तिची आई रडत आली, चित्र उतरवा म्हणाली. त्यानं ऐकलं नाही. आणि प्रदर्शन संपल्यावर मुकाट पट्टा वर चढवला! दोन वर्षांत लंडनला बस्तान हलवलं. १९१६मध्ये तेच चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देताना त्यानं लिहिलं, बहुधा हेच माझं सर्वोत्तम काम. असेल. मला तो पट्टा अजून खुपतो.

खुपतो, कारण माझाही एक पट्टा आहे. एका संस्थेच्या संस्थापकांचं पोर्ट्रेट. कपाळावरच्या आठ्या नकोत, चेहरा जरा तजेलदार करा, म्हणाले. घरभाडं थकलं होतं. मी आठी-आठीनं माणूस पुसला. ते लागलंय त्या सभागृहावरून जायचं झालं तर आजही वळसा घालतो. त्यानंतर एकही चेहरा कुणाच्या सांगण्यावरून बदलला नाही. गिऱ्हाइकं गेली, जाऊ देत. ही म्हणते, नुसत्या खरवडलेल्या रंगाच्या पैशांत ठाण्याला फ्लॅट झाला असता. हिशेब तिचा बरोबर असेल. चूक मी नव्हतो.

रविवारी आईला पुन्हा खिडकीशी बसव. डोळे किलकिले करून बघ, पापण्या दिसताच कामा नयेत. त्याआधी नाइफ घे आणि ते सुरेख डोळे काढून टाक, पहिले तेच. त्यांना सांभाळायच्या नादात अख्खं डोकं वाकडं झालंय.

नव्या चित्राचा फोटो नको पाठवूस. खरवडलेल्या कॅनव्हासचा पाठव.