विमानात बाळ रडले तर?

सुट्ट्यांचे दिवस जवळ आले की तान्ह्या बाळाला घेऊन परदेशी जावे की नाही, हा प्रश्न घेऊन दादरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत कोणी ना कोणी येतेच. विचारणारी बहुधा आई असते, आणि तिच्या मनात नेमके काय सलते आहे ते उलगडायला दोन-तीन भेटी लागतात. अशाच एका आईची हकीकत तिच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे सांगते.

तिला आपण मृण्मयी म्हणू. मुलुंडला राहणारी, बाळंतपणाची रजा संपवून नुकतीच बँकेत पुन्हा रुजू झालेली. मुलगी आठ महिन्यांची. सासरे निवृत्त झाले म्हणून सगळ्या कुटुंबाने सिंगापूरला जायचे ठरवले होते, तिकिटे काढून झाली होती, आणि हिने घरात सांगून टाकले होते, "तुम्ही सगळे जा, मी आणि बाळ मागे राहतो." नवरा म्हणायचा, "होईल गं सगळं नीट." सासूबाई म्हणायच्या, "तुझ्याशिवाय कसली सहल?" दोघांचेही बोलणे मायेचे होते, पण रात्री दोन वाजता मोबाइलवर माहिती शोधत बसणाऱ्या या मुलीला त्यातून धीर मिळत नव्हता.

पहिल्या भेटीत तिने एक वही माझ्यासमोर ठेवली. दोन वर्षांखालच्या बाळाला मांडीवर नेता येत असले तरी त्याचा स्वतंत्र पासपोर्ट आणि व्हिसा लागतो. लहान मुलांच्या पासपोर्टची मुदत ५ वर्षांची असते. विमानातला पाळणा आधी सांगून ठेवावा लागतो, त्याला वजनाची मर्यादा असते आणि विमान हादरू लागले की बाळाला त्यातून उचलून घ्यावे लागते. हातातल्या सामानातील द्रवपदार्थांना १०० मिलिलिटरची मर्यादा असली तरी बाळाच्या दुधाला व खाण्याला प्रवासापुरती सूट मिळते, असे सगळे नेटक्या अक्षरात लिहिलेले होते. माहितीत ती माझ्या पुढे होती. तेव्हा आणखी माहिती देऊन ही काळजी हटणार नाही, एवढे मला तिथेच कळले.

बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात आईचे नैराश्य पुष्कळदा अशाच एखाद्या व्यावहारिक काळजीच्या आड दडलेले असते. म्हणून १९८७ सालापासून वापरात असलेली १० प्रश्नांची एडिंबरा प्रश्नावली मी तिच्याकडून भरून घेतली. नैराश्याची शंका यावी असे त्यात काही निघाले नाही. मात्र काही बिघडले की स्वतःला विनाकारण दोष देता का, या प्रश्नाला तिने सर्वांत तीव्र उत्तर निवडले होते.

दुसऱ्या भेटीला ती बाळाला घेऊन आली. बोलता बोलता बाळ रडू लागले. ती चटकन उठली, कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि खांद्यावर थोपटता थोपटता मला तीनदा "सॉरी मॅडम" म्हणाली. मी घड्याळ पाहिले होते. बाळ शांत झाल्यावर विचारले, "किती वेळ रडली असेल?" ती म्हणाली, "पंधरा-वीस मिनिटं तरी." झाली होती चार. तिच्या चेहऱ्यावरचा घाम अजून वाळला नव्हता. मग ती हळूच म्हणाली, "ती रडली की सगळे माझ्याकडेच बघतात. तिच्या बाबाकडे कुणी बघत नाही."

इतके दिवस वहीत न उतरलेले वाक्य ते हेच होते. विमानाची भीती तिला नव्हतीच. दोन-तीनशे अनोळखी माणसांसमोर आणि सासरच्या सगळ्यांसमोर आपण एकटीच उत्तरदायी ठरू, ही भीती होती.

तिसऱ्या भेटीला मी नवऱ्याला बोलावले, आणि हा निर्णय मला आजही सर्वांत महत्त्वाचा वाटतो. "मी मदत करीनच ना" असे तो म्हणाला, तेव्हा त्याला थांबवून मी मदतीऐवजी पाळी ठरवायला सांगितली. मुंबई ते सिंगापूर सुमारे साडेपाच तासांचा प्रवास; त्यात एक-एक तासाच्या पाळ्या लावल्या. ज्याची पाळी असेल त्याने बाळाला पाहायचे, दुसऱ्याने न विचारता सूचना करायच्या नाहीत. विमान उतरताना दूध पाजणे तेवढे मृण्मयीकडे राहिले. बाळ बहुतेक वेळा उतरतानाच का रडते, तेही दोघांना समजावले: विमानातला हवेचा दाब झपाट्याने बदलतो आणि बाळाच्या कानाला घशाशी जोडणारी अरुंद नळी तेवढ्या लवकर तो सांभाळून घेत नाही, गिळल्याने ती उघडते. मग दूध पाजण्याची वेळ आणि बाळाचे रडणे, दोन्ही तिला आकळू लागली. नणंदेच्या मैत्रिणीने झोपेसाठी सर्दीचे औषध पाजायला सुचवले होते, त्याला मी स्पष्ट विरोध केला; बालरोगतज्ज्ञांनीही ते नको म्हणून सांगितले. बाळ नऊ महिन्यांचे व्हायचे होते, म्हणून परदेश प्रवासाआधी गोवरची लस द्यावी का, हेही त्यांनाच विचारायला मी सांगितले.

शिवाय एक सराव दिला. रविवारी दुपारी मुलुंडहून दादरपर्यंत धीम्या लोकलने महिलांच्या डब्यातून यायचे, आणि बाळ रडले तरी कोणाचीही माफी मागायची नाही. बाळ भांडुपला रडले. समोरच्या बाईने आपल्या बांगड्या वाजवून दाखवल्या, शेजारची मोबाइलमधून मान वर न करता सरकून बसली, आणि एकीने मात्र कपाळाला आठ्या घातल्या. "एकच होती," मृण्मयी मला मुद्दाम सांगत होती.

ते सगळे सिंगापूरला जाऊन आले. तिथल्या चांगी विमानतळावर उतरताना बाळ रडलेच. सासूबाईंनी घड्याळ लावले होते, नऊ मिनिटे भरली. मागच्या रांगेतल्या गृहस्थांना ती सॉरी म्हणाली नाही. पण नंतर त्यांनी स्वतःहून बाळाचे नाव विचारले, तेव्हा आनंदाने सांगितले. परतीच्या प्रवासात मधली पाळी नवऱ्याची होती. बाळ त्याच्या खांद्यावर होते, आणि मृण्मयी सलग दोन तास झोपली.