चाकणची कंपनी आधी कधी दिवाळखोरीत गेली होती का, हे कसं शोधायचं?

तुमचं भोसरीत वर्कशॉप आहे, चाकणची एक प्रायव्हेट लिमिटेड ६० दिवसांच्या उधारीवर मोठी ऑर्डर देतेय आणि 'ही मागे बुडाली होती' असं कानावर आलंय, म्हणून विचारताय. मी पुण्यात कंपन्यांच्या आरओसी (कंपनी निबंधक) फायलिंगची कामं करतो, हा प्रश्न नेहमी येतो.

बहुतेक जण एमसीएच्या (केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) साइटवर नाव टाकतात, स्टेटस 'ॲक्टिव्ह' दिसलं की निर्धास्त होतात. ते पुरेसं नाही. केस चालू असताना तिथे 'अंडर सीआयआरपी' (दिवाळखोरीची प्रक्रिया चालू) दिसतं खरं, पण रिझोल्यूशन प्लॅन (कंपनी वाचवून देणी निपटायची योजना) मंजूर होऊन नवा मालक आला की कंपनी पुन्हा 'ॲक्टिव्ह'.

म्हणून आधी पीओचं (खरेदी ऑर्डरचं) लेटरहेड नीट बघा. २१ अक्षरी सीआयएन (कंपनीचा ओळख क्रमांक) तिथे छापणं कायद्याने बंधनकारक आहे. गेल्या दोन वर्षांत नाव बदललं असेल तर जुनं नावही छापावं लागतं. (बारीक टायपात का होईना!) मग जुनं आणि नवं, दोन्ही नावं आयबीबीआयच्या (दिवाळखोरी मंडळाच्या) साइटवर जाहीर सूचनांमध्ये शोधा. दिवाळखोरीची केस दाखल करून घेतली गेली की ही सूचना काढावीच लागते, एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक भाषेच्या पेपरातही. या सूचना २०१६ च्या दिवाळखोरी कायद्यानंतरच्या. त्याआधीच्या आजारी कंपन्या बीआयएफआर या सरकारी मंडळाकडे जायच्या, ते १ डिसेंबर २०१६ ला बंद झालं.

एनसीएलटीच्या (दिवाळखोरीच्या केसेस चालवणाऱ्या कंपनी न्यायाधिकरणाच्या) साइटवर पार्टीच्या नावाने शोधताना मुंबई बेंच निवडा, पुण्याच्या केसेस तिकडेच जातात. आणि नुसती 'फाइल' झालेली केस पाहून घाबरू नका. थकलेला सप्लायर दबाव आणायला अर्ज टाकतो, पैसे मिळाले की काढून घेतो. ॲडमिट झाली होती का, म्हणजे एनसीएलटीने ती दाखल करून घेतली होती का, तेवढं बघा.

आता माझं मत. दिवाळखोरीतून बाहेर आलेली कंपनी वाईटच असते असं नाही. जुनं कर्ज आटोपलेलं असतं, मालक नवा असतो. मार बसतो तो जुन्या सप्लायरला. प्लॅन मंजूर झाला की त्यात नसलेली त्याची बाकी संपली. माझ्या एका क्लायंटची अख्खी उधारी अशीच गेली. तेव्हा इतिहासापेक्षा मला सध्याची तब्येत महत्त्वाची वाटते. एमसीएवर १०० रुपये भरून कंपनीची कागदपत्रं उघडा. ताळेबंदाच्या नोट्समध्ये 'ट्रेड पेएबल्स'चं (सप्लायरांच्या देण्यांचं) वयवार कोष्टक असतं: एक वर्षाच्या आतलं, एक ते दोन, दोन ते तीन, तीनच्या वरचं. उजवीकडच्या रकान्यांत मोठे आकडे असतील तर तुमचे ६० दिवस कागदावरच राहणार. चार्जेसच्या (कर्जापोटी तारण ठेवलेल्या मालमत्तेच्या) यादीत बँकेच्या जागी एखादी ॲसेट रिकन्स्ट्रक्शन कंपनी (बुडीत कर्जं विकत घेणारी) दिसली, तर बँकेने ते कर्ज विकून टाकलंय असं समजा.

डायरेक्टरांच्या डिनवरून (डायरेक्टरच्या ओळख क्रमांकावरून) त्यांच्या बाकी कंपन्याही तपासा.

तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) आहे ना? नसेल तर आधी ते करा. मायक्रो किंवा स्मॉलमध्ये बसलात तर लेखी करारातही ४५ दिवसांच्या वरची मुदत चालत नाही, त्यामुळे ६० दिवसांची अट तिथेच अडते. तरीही पहिला लॉट मी ॲडव्हान्स घेऊनच दिला असता.