वाचकांचे प्रश्न : घर किती क्विंटलचं?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार निवडली. सगळ्यांचा रोख एकच, की आताचे भाव पूर्वीच्या मानाने फारच वर गेलेत का आणि कधी खाली येतील का. पत्रं जशी आली तशीच छापतोय, भाषा आपलीच आहे, फक्त नावं काढली.

प्रश्न : मी घाटंजी तालुक्यातला. आठ एकर कोरडवाहू हाये, पाच एकरात कापूस, बाकी तूर-सोयाबीन. घर जुनं मातीचं, वर कवेलू, यंदाच्या पाण्यानं मागची भिंत खचली. मिस्त्री म्हणते ५०० फूट बांधाचं तर १३०० रुपये फूट लागन. आमचे आबा म्हणते की त्यायच्या काळात एक क्विंटल कापूस विकला की तोळाभर सोनं येत होतं, आता काय येते. अन् युट्यूबवर एक जण सांगून राहिला की घराच्या किमती ऐतिहासिक सरासरीच्या लय वर हायेत, थांबा, खाली येतीन. थांबू का बांधू?

उत्तर : भाऊ, आधी आबांचं घेऊ, कारण हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक पारावर ऐकू येतं आणि ते खोटं नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला दहा ग्रॅम सोनं दोनशे रुपयांच्या आसपास होतं, आणि कापूसही तेवढ्याला जायचा असं जुनी माणसं सांगतात. पण ते वर्ष बघा कोणतं आहे. ऑगस्ट १९७१ पर्यंत अमेरिकेनं सोन्याचा सरकारी भाव ३५ डॉलर औंस असा बांधून ठेवला होता, म्हणजे जगभर सोन्यावर झाकण होतं, आणि ते झाकण उडायच्या आसपासचं वर्ष आपण मोजायला घेतो. मग कापूसच काय, कोणतंही पीक त्यापुढे गरीबच दिसणार.

दुसरं वर्ष घेऊन बघा. १९९६-९७ ला लांब धाग्याच्या कापसाचा केंद्राचा हमीभाव १३८० होता, सोनं पाच हजारांच्या थोडं वर, म्हणजे क्विंटलला पावणेतीन ग्रॅमसुद्धा नाही. २०००-०१ ला हमीभाव १८२५ आणि सोनं उतरून ४४०० च्या आसपास आलेलं, म्हणजे चार ग्रॅम. चार वर्षात शेतकरी काही दीडपट श्रीमंत झाला नव्हता, सोनं पडलं होतं एवढंच. आता २०२५-२६ चा हमीभाव ८११० आहे आणि सोनं लाखाच्या पार, म्हणजे क्विंटलला एक ग्रॅमही येत नाही. सोनं स्वतःच आपल्या सरासरीपासून इतकं दूर निघून गेलंय की त्याला फुटपट्टी धरून कापूस मोजणं बरोबर नाही.

याचा अर्थ शेतकऱ्याचं काही बिघडलं नाही असा कोणी काढू नये. आबांचं दुखणं खरं आहे, ते पगाराच्या तुलनेत जास्त स्वच्छ दिसतं. पाचव्या वेतन आयोगात, १९९६ ला, केंद्र सरकारच्या सगळ्यात खालच्या कर्मचाऱ्याचा मूळ पगार २५५० होता, सातव्यात, २०१६ ला, तो १८००० झाला. वीस वर्षात सातपट. तेवढ्याच वर्षात कापसाचा हमीभाव १३८० वरून ४१६० वर आला, तिप्पट. आता यात महागाई भत्ता पगारात मिसळत जातो वगैरे बारकावे आहेत, पण सातपट आणि तिप्पट यातलं अंतर बारकाव्यानं भरत नाही. गावात ज्यांच्या घरी नोकरी आली त्यांचं स्लॅबचं घर झालं आणि ज्यांच्या घरी फक्त कापूस आला ते कवेलूखालीच राहिले, हे तुम्ही डोळ्यानं बघूनच राहिले.

आता थांबायचं का. तो युट्यूबवाला ज्या किमतींबद्दल बोलतोय त्या शहरातल्या फ्लॅटच्या आहेत. आपल्याकडे घरांच्या किमतीचे जे निर्देशांक निघतात, रिझर्व्ह बँकेचा असो की राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेचा रेसिडेक्स, ते शहरांचे. रेसिडेक्समध्ये नागपूर आहे, घाटंजी नाही. आणि ते बरोबरच आहे, कारण गावातलं घर कोणी विकत घेत नाही, बांधतो. फ्लॅटच्या भावात जमिनीचा फुगवटा असतो, बिल्डरचा असतो, तो कधी कधी उतरतो. तुमच्या १३०० रुपयात काय आहे? सिमेंट, लोखंड, रेती, विटा आणि मिस्त्री-मजुराची रोजी. यातली रोजी खाली येत नाही आणि येऊ पण नये, त्यावर दुसऱ्या कोणाचं तरी घर चालते. लोखंड वरखाली होतं, ते चारपाच महिन्यांचं असतं. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तो फायदा मात्र बिल बघून घ्या, दुकानदाराच्या तोंडावर सोडू नका. थोडक्यात, सरासरीला परत यायला या भावात फारसं काही नाही.

म्हणून रुपये बाजूला ठेवा आणि क्विंटलमध्ये मोजा. ५०० फूट गुणिले १३०० म्हणजे साडेसहा लाख. हमीभावानं ८० क्विंटल. पण हमीभाव मिळालाच तर, कारण २०२५ मध्ये १९ ऑगस्टपासून डिसेंबरअखेरपर्यंत कापसाच्या आयातीवरचं ११ टक्के शुल्क काढून टाकलं होतं, आणि सीसीआयला, म्हणजे हमीभावानं कापूस घेणाऱ्या सरकारी महामंडळाला, द्यायचा तर कपास किसान अॅपवर नोंदणी, मग आर्द्रता बघणार. व्यापाऱ्याला सात हजारानं गेला तर तेच घर ९३ क्विंटलचं होतं. कोरडवाहूत एकरी सहा क्विंटल धरले तरी तुमचे तीस क्विंटल होतात, म्हणजे बियाणं, फवारणी, वेचणी काही न काढता पावणेतीन ते तीन वर्षांचा सगळा कापूस. हा हिशोब सरासरीच्या व्हिडीओपेक्षा जास्त खरा आहे. माझं मत असं की पायवा ५०० फुटाचा भरा, दोनच खोल्या उभ्या करा, त्यावर सध्या टिना टाका, स्लॅब नंतर. खचलेल्या भिंतीखाली अजून एक पावसाळा काढू नका.

कर्जाचं तुम्ही लिहिलं नाही तरी सांगतो. गृहकर्ज आज आठ टक्क्यांच्या आसपास आहे आणि नव्वदच्या दशकाच्या मानाने ते खूपच कमी आहे हे खरं, पण गावठाणातल्या घराला कागद नसला की ते कर्ज मिळतच नाही, आणि माणूस जातो बचत गटाच्या नावानं येणाऱ्या कंपनीकडे वीस-बावीस टक्क्यानं. तेव्हा स्वामित्व योजनेत तुमच्या गावाचं ड्रोन मोजमाप झालं असेल तर प्रॉपर्टी कार्ड आधी हातात घ्या.

प्रश्न : मी हिंगणघाट तालुक्यातून लिहिते. सासूबाईंना २००९ मध्ये इंदिरा आवासचं घरकुल ३५ हजारात मिळालं होतं. आम्हाला आता १ लाख २० हजार मंजूर झाले. गावातले म्हणतात साडेतीनपट मिळून राहिले तरी यांचं रडगाणं सुरूच. पण खरंच पुरत नाही हो. आम्ही चुकीचं बोलतो का?

उत्तर : ताई, तुम्हीही बरोबर आणि गावातलेही बरोबर, फक्त सुरुवातीचं वर्ष वेगळं आहे. परत कापसातच मोजू. २००९ ला हमीभाव ३००० होता, म्हणजे सासूबाईंचं घरकुल बारा क्विंटलला थोडं कमी. २०१० मध्ये रक्कम ४५ हजार झाली, १५ क्विंटल. २०१६ ला प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण आली, १ लाख २० हजार, आणि तेव्हाच्या ४१६० नं ते जवळजवळ २९ क्विंटल होतात. ही उडी मोठी होती, मान्य करायला पाहिजे. पण योजनेची रक्कम तिथेच थांबली आणि आज तुमच्या हातात येते ती १५ क्विंटलला थोडी कमी. म्हणजे २०१० मध्ये होतो तिथेच.

कापूस नको असेल तर इन्कम टॅक्सवाल्यांचा महागाईचा आकडा घ्या, तो घर-जमीन विकताना लावतात आणि मुद्दामच कंजूष ठेवलाय, शहरी महागाईचा पाऊणच हिस्सा धरतो. २००९-१० ला १४८, २०१६-१७ ला २६४, २०२५-२६ ला ३७६. या हिशोबानं सासूबाईंचे ३५ हजार आज ८९ हजार होतात, तेव्हा त्यांच्यापेक्षा तुम्हाला जास्तच मिळतंय. पण २०१६ चे १ लाख २० हजार आज १ लाख ७१ हजार व्हायला पाहिजे होते. राज्यानं २०२५ मध्ये ५० हजार वाढवून दिले तेव्हा कुठे ते भरून निघालं, आणि त्यातले १५ हजार छतावरच्या सोलरसाठी आहेत, भिंतीसाठी ३५ च. त्यात रोजगार हमीचे ९० दिवस, २०२५-२६ च्या ३१२ रुपये रोजीनं २८ हजार, आणि संडासाचे १२ हजार धरा. सगळं मिळून दोन लाखाच्या आसपास. घरकुलाचं क्षेत्र २६९ फूट, १३०० च्या दरानं साडेतीन लाख. दीड लाख कुठून आणायचे हा तुमचा प्रश्न आहे, आणि ते रडगाणं नाही. ३५ हजारात तरी कोणाचं पुरलं होतं, सासूबाईंना विचारा, त्यांनीही गहाण काहीतरी ठेवलंच असेल. हप्ते अडकू नयेत म्हणून प्रत्येक टप्प्याचा जिओटॅग फोटो ग्रामपंचायतीत वेळेवर काढून घ्या.

प्रश्न : मी मेहकरचा निवृत्त शिक्षक. मुलगा अमेरिकेत आहे, घर घ्यायचं म्हणतो पण व्याज पावणेसात टक्के म्हणून घाबरतो. मी तर ९८ साली १४ टक्क्यानं कर्ज फेडलं. त्याला काय सांगू?

उत्तर : सर, व्याजाबद्दल तुम्ही बरोबर आहात. तिथल्या तीस वर्षांच्या कर्जाची नोंद १९७१ पासून आहे, सरासरी पावणेआठच्या जवळ येते. ऑक्टोबर १९८१ मध्ये १८.६३ टक्के होतं, जानेवारी २०२१ मध्ये २.६५. पोराच्या डोक्यात २०२१ बसलंय, म्हणून त्याला आताचं महाग वाटतं. पण भीती अगदीच खोटी नाही, कारण १९८१ ला तिथलं मधल्या किमतीचं घर मधल्या कुटुंबाच्या साडेतीन-पावणेचार वर्षांच्या कमाईएवढं होतं, आता पाच वर्षांच्या आसपास लागतात. व्याज सरासरीखाली, किंमत सरासरीवर, आणि हप्ता दोन्हींचा मिळून भरायचा असतो.

आणि सरासरीवर फार भिस्त ठेवू नका म्हणावं. अॅमस्टरडॅमच्या एका कालव्याकाठच्या घरांच्या किमती १६२८ ते १९७३ अशा अभ्यासकांनी लावून पाहिल्या, महागाई वजा जाता त्या साडेतीनशे वर्षांत जेमतेम दुप्पट झाल्या, मधे कितीदा तरी निम्म्यावर आल्या. आठ-दहा वर्षं त्याच गावात नोकरी राहणार असेल आणि हप्ता झेपत असेल तर घ्यावं, नाहीतर भाड्यानं राहण्यात कमीपणा नाही.

प्रश्न : कारंज्याजवळ समृद्धीच्या बाजूला प्लॉट घेऊन राहिलो. एजंट म्हणतो भाव सरासरी वर्षाला वीस टक्के वाढले, पुढेही वाढतील.

उत्तर : दादा, तो रस्त्याच्या आधीचा शेताचा भाव आणि मोबदला वाटून झाल्यावरचा भाव घेऊन मधली वर्षं भागून राहिला. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, तो एकदाच सुरू होतो. ती उडी दरवर्षी येणार नाही. गेल्या दोन वर्षांत त्याच गटात खरोखर किती रजिस्ट्र्या झाल्या आणि कितीला, ते नोंदणी विभागाच्या साईटवर बघा. एनए झालंय का, लेआउट मंजूर आहे का, तुकडेबंदीत अडकतं का, हे पटवाऱ्याला विचारा आणि मगच इसार द्या.