पाच हजारांत रास्पबेरी पायवर जुना टीव्ही गेम होतो का?

तुम्ही विचारलंय की लहानपणीच्या कॅसेटवाल्या टीव्ही गेमसारखं काहीतरी रास्पबेरी पायवर, म्हणजे एका बोर्डावर मावणाऱ्या त्या छोट्या संगणकावर, बनवायचंय, पाच हजारांत भागेल का आणि बोर्ड कोणता घ्यावा. भागतं. मी नाशिकच्या सिडकोतल्या घरी दोन बनवले, त्यातला पहिला फसला.

बोर्डावर जास्त उधळू नका. आठ आणि सोळा बिटचे गेम, शिवाय पहिल्या प्लेस्टेशनचे बरेचसे, पाय ३ वर मजेत चालतात. २०२१ मध्ये आलेला छोटा पाय झिरो २ डब्ल्यूही पुरतो, पण त्याला मिनी एचडीएमआय (टीव्हीसाठी) आणि ओटीजीच्या (यूएसबी जोडायला) तारा वेगळ्या घ्याव्या लागतात. नाशिकमध्ये इंजिनीअरिंगची पोरं काय कमी आहेत? शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट जमा झालं की तो पाय कपाटात पडून असतो. आधी ओळखीत विचारा. माझा दुसरा तसाच मिळाला.

माझा पहिला फसला तो चार्जरमुळे. एम. जी. रोडवरून मोबाइलचा 'फास्ट' चार्जर आणला. आवाज खरखरायचा, गेम अडखळायचा आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकायची. मी आठवडाभर सॉफ्टवेअरला दोष देत बसलो. ती वीज म्हणजे बोर्डाला मिळणारा दाब साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली गेल्याची खूण. फास्ट चार्जर जास्तीची ताकद देतो ती बहुधा चढ्या व्होल्टेजवर, आणि पायला हवेत सरळ ५ व्होल्ट. त्यात केबल बारीक असली तर विचारूच नका. पाय ३ ला ५ व्होल्ट, २.५ अँपिअरचा ॲडॉप्टर घ्या. वाचवायचे तर बोर्ड ठेवायच्या डबीचे पैसे वाचवा.

रेट्रोपाय, म्हणजे जुने गेम चालवणारं सॉफ्टवेअर, मेमरी कार्डावर चढवणं सोपं आहे; कार्ड लिहिणारा रास्पबेरी पायचा इमेजर प्रोग्रॅम सगळं करतो. गेमच्या फायली पेनड्राइव्हवरून जातात. त्या कुठून आणायच्या हे मी सांगणार नाही, बहुतेकांवर अजून कॉपीराइट आहे. हौशी लोकांनी बनवून फुकट दिलेले गेमही भरपूर आहेत.

घरात जुना डबा टीव्ही असेल तर फेकू नका! पाय ३ च्या हेडफोनच्या भोकातूनच एव्ही, म्हणजे जुन्या टीव्हीला लागणारं चित्र आणि आवाज, निघतं. फक्त केबल बघून घ्या: पिनेच्या टोकापासून तिसऱ्या भागावर ग्राउंड हवं, आणि बाजारातल्या कित्येक केबलींत ते तिथे नसतं. मल्टिमीटर लावून तपासा. माझ्याकडे चित्र आलं ते काळं-पांढरं, कारण बोर्ड मुळात एनटीएससी या अमेरिकी पद्धतीचं चित्र पाठवतो. कॉन्फिग फाइलमध्ये एसडीटीव्ही मोड २, म्हणजे आपल्याकडच्या टीव्हीची पाल पद्धत, केल्यावर रंग आले. आईला वाटलं टीव्हीच दुरुस्त झाला.

आणि लाइट जायची वेळ ठाऊक असेल तर आधीच मेनूतून बंद करा. कार्डावर काही लिहिलं जात असताना वीज गेली की कार्ड बिघडू शकतं. माझं एक असंच गेलं, भाच्याच्या सगळ्या सेव्ह केलेल्या लेव्हल्ससकट. तो अजून बोलत नाही नीट.