उजनी वजा 35 टक्के, मग 45 टीएमसी पाणी आलं कुठून?

प्रश्न: नमस्कार सर, मी पंढरपूर तालुक्यातला. उन्हाळ्यात ग्रुपवर मेसेज फिरतो 'उजनी वजा 35 टक्के', आणि त्याच दिवशी कुणीतरी टाकतं 'धरणात अजून 45 टीएमसी पाणी'. मग दिवसभर भांडणं. खरं कुठलं धरायचं? आणि सरकार हे साध्या भाषेत का देत नाही?

उत्तर: दोन्ही खरं आहे हो, आणि म्हणूनच भांडण मिटत नाही. उजनीत मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेलं तळाचं पाणी, 63.66 टीएमसी (1 टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट), त्याच्यावर उपयुक्त साठा 53.57, म्हणजे एकूण 117 च्या जरा वर. पेपरात जे टक्के येतात ते फक्त त्या वरच्या 53.57 चे. म्हणजे धरण अर्ध्याच्या वर भरलेलं असलं तरी आकडा शून्य टक्के दिसू शकतो! कोयनेत मृतसाठा जेमतेम 5 टीएमसीच्या आसपास, त्यामुळे तिथलं शून्य आणि उजनीचं शून्य यात जमीन-अस्मानाचा फरक, पण ग्रुपवर दोन्ही एकाच यादीत एकाखाली एक येतात आणि लोक तुलना करत बसतात.

हिशोब सोपा आहे, वजा म्हणजे मृतसाठ्यातलं तेवढं पाणी गेलं. 53.57 चे 35 टक्के म्हणजे 18.75, ते 63.66 मधून वजा करा, उरले 44.91. झाले तुमचे 45. (यात तळाचा गाळ धरलेला नाही, त्यामुळे खरं पाणी त्याहून कमीच समजा.) आणि मृतसाठा नुसता नावाला मृत, सोलापूर शहरासाठी त्यातूनच नदीत पाणी सोडतात ते औज बंधाऱ्यापर्यंत जातं. 2024 च्या उन्हाळ्यात तर उजनी वजा 60 च्या आसपास गेलं होतं.

आता सरकारचं. माहिती देत नाहीत असं नाही म्हणता येणार, जलसंपदा विभाग रोज धरणवार साठा टाकतो, मागच्या वर्षी याच तारखेला किती होता तेही असतं, शिवाय केंद्रीय जल आयोग दर गुरुवारी देशातल्या मोठ्या धरणांचं बुलेटिन काढतो. घोळ पुढे होतो. ते सगळं पीडीएफमध्ये, मोबाईलवर बोटांनी मोठं करून बघायचं, मग कुणीतरी त्याचा फोटो काढून उजनीची ओळ तेवढी कापून टाकतो आणि वरचं 'उपयुक्त साठा' हे हेडिंग जातं! केंद्राच्या यादीत तर उजनी आधी 'भीमा' म्हणून लावलंय, त्यामुळे उ शोधणाऱ्याला वाटतं आपलं धरणच नाही. माझं म्हणणं एवढंच की आकडा कशाचा, कुठल्या तारखेचा, किती वाजताचा हे त्याच्या शेजारीच, त्याच ओळीत छापा, मग कितीही कापा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 मध्ये स्थानिक भाषेचा विचार करून माहिती द्या असं स्पष्ट लिहिलंय, तेव्हा ही काही मेहेरबानी नाही.

प्रश्न: दौंडहून उजनीत येणारा विसर्ग 60 हजार क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट) झाला की उजनी दिवसात किती वाढणार?

उत्तर: एक आकडा पाठ करा, 11,574. एवढे क्युसेक सलग 24 तास चालले की 1 टीएमसी होतो. म्हणजे 60 हजाराला साधारण 5.2 टीएमसी, उजनीच्या भाषेत जवळपास 10 टक्के. पण सलग हा शब्द महत्त्वाचा, विसर्ग दर काही तासांनी बदलतो आणि सकाळी 6 चा मेसेज रात्री 10 ला फॉरवर्ड होतो. वेळ लिहिलेली नसेल तर पुढे ढकलूच नका.

प्रश्न: मी सांगोल्याकडे शाळेत शिकवते. मुलं रोज पर्जन्यमापकाची नोंद घेतात, गावातल्या काही विहिरींची पातळी पण मोजतात. वह्या भरल्यात. दुसऱ्यांना उपयोग होईल असं कसं ठेवू?

उत्तर: ताई, वह्यांचे फोटो नका टाकू, फोटोतला आकडा शोधता येत नाही. साधी शीट करा, एका ओळीत एकच नोंद, तारीख, वेळ, गाव, तालुका, मिमी. गावाचं नाव प्रत्येक ओळीत एकाच स्पेलिंगने, कारण एकाच नावाची गावं ढीगभर. पाऊस सकाळी साडेआठला मोजा, हवामान खात्याचा दिवस साडेआठ ते साडेआठ असतो, तुम्ही रात्री 12 धरलं तर त्यांच्याशी कधीच जुळणार नाही. आणि हे नुसतं नीटनेटकेपणासाठी नाही, महसूल मंडळात (तालुक्यातल्या काही गावांचा गट) 24 तासांत 65 मिमीच्या वर पाऊस गेला तर अतिवृष्टी धरतात, आणि मंडळाचं यंत्र गावापासून लांब असलं की नुकसानीच्या वेळी वाद तिथेच होतो. त्यावेळी तुमची नोंद निदान बोलायला तरी कामाला येईल.

विहिरीचं पाणी जमिनीपासून किती खाली ते लिहा, कठड्यावरून टेप सोडली असेल तर कठड्याची उंची वजा करून. मोटर चालू होती का तेही एका रकान्यात टाका, उपसा चालू असताना मोजलेली पातळी खोटीच येते. आणि मुलांना हे पक्कं सांगा, पाऊस झाला नाही तर 0 लिहायचं, रविवारी कुणी मोजलंच नाही तर रकाना कोरा सोडायचा, आणि सोमवारी भांड्यात जमलेला पाऊस दोन दिवसांचा आहे असं शेरा म्हणून लिहायचं.