औंढ्याला लायगो येतंय, पण हात तयार होतो तो दुसरीकडे

तुझा प्रश्न असा : वसमतला बीएस्सी तिसरं वर्ष, फिजिक्स, 64 टक्के. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा, उभं राहतंय, तिथं लागायचंय, तर भरती निघेपर्यंत थांबू का?

थांबू नकोस. एप्रिल 2023 मध्ये केंद्रानं 2600 कोटींना मंजुरी दिली, पण या कामाची माणसं घडतात ती इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात, गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत आणि पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत. प्रकल्प उभारण्यात याच संस्था पुढे आहेत. जागा हिंगोली जिल्ह्यात आहे म्हणून आपल्या पोरांना आत घेतील, हा हिशेब मनातून काढ.

तुझ्यासारख्याला सगळ्यात जवळची वाट म्हणजे अणुऊर्जा विभागाची स्टायपेंडिअरी ट्रेनी, कॅटेगरी एक. बीएस्सी किंवा डिप्लोमावाल्यांसाठी आहे, 60 टक्क्यांची अट तू पार करतोस. प्रशिक्षणात स्टायपेंड मिळतो आणि काम चांगलं असेल तर पुढे सायंटिफिक असिस्टंट म्हणून घेतात. जाहिरातीत वयाची अट आणि बीएस्सीला कोणते विषय सोबत हवेत ते नीट वाच. आपल्याकडची कितीतरी पोरं तिथंच बाद होतात. एमएस्सी करणार असशील तर तिन्ही विज्ञान अकादम्यांची मिळून उन्हाळी फेलोशिप आहे, दोन महिने प्रयोगशाळेत राहून काम. अर्ज मात्र आधीच्या हिवाळ्यातच भरून ठेवावा लागतो. एमएस्सीनंतर बीएआरसीचं (भाभा अणुसंशोधन केंद्राचं) ट्रेनिंग स्कूल आहे, 1957 पासून चालू.

आता खरं सांगायचं ते. मी नांदेडहून एका प्रयोगशाळेत प्रोजेक्टला गेलो तेव्हा मार्क बरे होते, हाताला मात्र कशाची सवय नव्हती. पहिल्याच आठवड्यात व्हॅक्यूमच्या, म्हणजे आतली हवा काढून टाकलेल्या नळीच्या फ्लँजमधली (जोडाच्या कडेतली) तांब्याची गॅस्केट, म्हणजे जोड बंद करणारी चकती, मी उघड्या बोटांनी उचलली. सरांनी ती बाजूला ठेवली आणि नवी काढली. बोटाचं तेल आत गेलं की तिथून वायू सुटत राहतो, पंप कितीही चालवा, दाब खाली उतरत नाही. मग बोल्ट आवळायला शिकलो : ट्रॅक्टरच्या चाकाचे नट आवळतात तसे समोरासमोरचे, थोडे थोडे, फेऱ्या मारत. एकीकडून गच्च केलं की गॅस्केट तिरकी दबते. शेवटी हेलियमची बारीक नळी जोडाभोवती फिरवायची, वरून खाली, कारण हेलियम हलका, वर पळतो. हेलियम ओळखणाऱ्या डिटेक्टरवरचा आकडा उसळला की गळती तिथंच.

लायगोच्या नळ्या चार-चार किलोमीटरच्या, आतला दाब हवेच्या एक लाख कोटीव्या भागाएवढा. असे किती जोड असतील, बघ विचार करून. हे काम शांत हाताचं आहे, आणि शेतात मोटार दुरुस्त केलेल्या पोराला ते पटकन जमतं, हे मी स्वतः पाहिलंय.

कॉलेजच्या लॅबमध्ये व्हॅक्यूम पंप धूळ खात पडला असेल तर सरांना विचारून उघड. सोल्डरिंग शीक, पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शीक.

आणि प्रोजेक्टसाठी शास्त्रज्ञांना मेल लिहिताना 'रिस्पेक्टेड सर' म्हणून एकच मजकूर वीस जणांना पाठवू नकोस. मी पाठवला होता, एकाचंही उत्तर आलं नाही. एकविसाव्या मेलला त्या गटाचा एक शोधनिबंध वाचला, त्यातल्या एका आलेखाबद्दल विचारलं, सहा ओळींत. तीन दिवसांत बोलावणं आलं. तुझा मसुदा झाला की इथं टाक, मी वाचतो.